साल तुटली, चिना सुटली

मी येडी बोलतेय. ही शिवी नाही, नावच आहे माझं. ज्याने ते ठेवलं तो गेला. जिने ते पुढे चालवलं तिला आता पंचाहत्तर वर्षं झाली. आणि मी इथे काचेच्या पेटीत, फळीला स्क्रूने आवळून बसवलेली. बसवलेली हा शब्दच मला सोसत नाही. जिला आयुष्यभर फिरायची सवय, तिला कसलं बसवता?

तीन महिने झाले, माझी मूठ कुणी फिरवलेली नाही. माझ्या पायाशी एक पितळी पाटी आहे. पाटीवर तीन शब्द आहेत आणि त्यातला पहिलाच चुकीचा आहे. त्या एका शब्दापायी एका बाईने चांगली चाललेली नोकरी गमावली होती. लोक येतात, पाटी वाचतात, मान डोलावून पुढे जातात, आणि माझा इथे आतल्या आत जळफळाट होतो. म्हणून बोलायला घेतलंय.

मी एक यंत्र आहे, संत्री सोलायचं, हाताने फिरवायचं. माझ्या दोन काट्यांमध्ये संत्रं अडकवलं आणि मूठ फिरवली, की संत्रं गरागरा फिरतं आणि माझी छोटी सुरी त्याची साल रिबिनीसारखी वरून खालपर्यंत उतरवते. वरची पातळ साल तेवढी निघते, आतलं पांढरं तसंच राहतं. मग विकणाऱ्याने चाकूने वरची टोपी उडवायची आणि गिऱ्हाइकाने तिथे तोंड लावून रस ओढायचा. उभ्या उभ्या खायची ही चीज आहे. बसून संत्रं खाणारी माणसं मला कधी फारशी आवडली नाहीत.

पोर्तो रिको बेटाच्या डोंगरात लास मारियास नावाचं गाव आहे, तिथे एका लोहाराने मला भंगारातून उभं केलं. चाकं कुठल्याशा पंपाची, मूठ शिवणयंत्राची. स्प्रिंग जरा जास्तच कडक बसली, आणि त्यातून मला जन्मभराच्या दोन खोडी जडल्या. एक म्हणजे, मूठ सोडली तरी मी अर्धा फेरा जास्त फिरते. दुसरी म्हणजे, कधी कधी माझी सुरी मध्येच उडी मारते आणि साल तुटते. का मारते ते मलाही ठाऊक नाही. लोहाराने दहा संत्री सोलून बघितली, चार साली तुटल्या. तो मला पुन्हा भट्टीत टाकणार होता, तेवढ्यात तेयो आला.

त्याचं पूर्ण नाव एलेउतेरिओ किन्योनेस, पण त्या नावाने त्याला फक्त पाद्री हाक मारायचे. बाकी सगळ्यांचा तो तेयो. चांगलं यंत्र घ्यायची त्याची ऐपत नव्हती. त्याने माझी मूठ फिरवली, सोडली, आणि मी माझा अर्धा फेरा जास्त मारला. तो हसला. म्हणाला, "ही येडी आहे. हिला काम संपलेलं कळत नाही. असू दे, मला तरी कुठे कळतं?" पंधरा दिवसांनी मी दोन सदऱ्यांत गुंडाळलेली, पेटीत बंद, विमानातून न्यूयॉर्कला निघाले होते. सोबत तेयो, त्याची बायको प्रोवी आणि तीन वर्षांची मुलगी इराइदा. ते वर्ष एकोणीसशे एक्कावन्न.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूला आगगाडीचा पूल रस्त्याच्या डोक्यावरून जातो. त्या पुलाखाली तेयोने गाडा लावला. वरून गाडी गेली की गाडा हादरायचा, गाड्याबरोबर मी हादरायची, आणि मला बरं वाटायचं. थंडीत तेयो दोन कोट एकावर एक घालायचा आणि बोटं तोंडाशी धरून गरम करायचा. तो चिना विकायचा.

चिना म्हणजे संत्रं. आमच्या लोकांत संत्र्याला दुसरं नावच नाही. फार पूर्वी गोड संत्रं चीनकडून आलं म्हणून ते नाव पडलं. पुढे देश विसरला गेला, फळ राहिलं, नावही राहिलं.

माझी सुरी उडी मारते याची तेयोला सुरुवातीला लाज वाटायची. मग त्याने त्या खोडीचाच धंदा केला. साल अखंड उतरली तर गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे, तुटली तर फळ फुकट. साल तुटली की तो हात वर करून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडायचा, "साल तुटली, चिना सुटली!" स्पॅनिशमधली त्याची ओळ वेगळी होती, पण ठेका हाच. पोरं घोळका करून माझ्या सुरीकडे डोळे लावून बसायची. मोठी माणसंसुद्धा थांबायची, कारण फुकटात मिळण्यापेक्षा फुकटात मिळेल की काय, ह्याचीच माणसाला गोडी जास्त.

इराइदा सहाव्या वर्षापासून दुधाच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहून माझी मूठ फिरवू लागली. पोरगी हाडकुळी, पण आवाज तीन गल्ल्या ओलांडून जाणारा. गिऱ्हाईक पाठ फिरवतं न फिरवतं तोच त्याची नक्कल करायची. बापाची आरोळी तर अशी मारायची की तेयो स्वतः दचकून वळून बघायचा.

बापाला ती पापी म्हणायची. आमच्याकडे सगळीच मुलं म्हणतात. तुमच्या कानाला ते कसं लागेल ते मी समजू शकते, पण शब्दांचं हे असंच असतं. एका गावात लाडाचे, दुसऱ्या गावात मार खाण्याचे. आणखी एक रीत आहे आमची. घरात शिरताना, घरातून निघताना, फोनवर बोलतानासुद्धा मुलाने आधी आशीर्वाद मागायचा. "आशीर्वाद, पापी," असं म्हणायचं, मग बापाने म्हणायचं, "देव तुझं भलं करो." भांडण असो, अबोला असो, हे चुकत नाही.

शाळेत एकदा बाईंनी इराइदाला संत्र्याचं चित्र दाखवून हे तुमच्या भाषेत काय, असं विचारलं. ती म्हणाली, चिना. बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर काठी ठेवून चीन दाखवला आणि वर्ग खिदळला. त्या दिवशी गाड्यावर आल्यावर ती नेहमीसारखी ओरडली नाही. बराच वेळ माझी मूठ उगाच फिरवत राहिली.

पुढे ती नाटकात गेली. कॉलेज झालं, छोट्या छोट्या रंगमंचांवर कामं झाली. तिला रडायच्या आणि फरशी पुसायच्या भूमिका मिळत. फरशी पुसताना ती अशी काही बडबड करायची की लोक नायकाला सोडून तिच्याकडे बघायचे, आणि मग पुढच्या नाटकात तिला कुणी घ्यायचं नाही. पंचविसाव्या वर्षी तिला टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात काम मिळालं. कार्यक्रमाचं नाव 'थांबा'. रंगवलेलं आभाळ, एक बसथांबा, तिथे बसची वाट बघणारी माणसं आणि मुलं. थांब्याशेजारी फळांचा गाडा. फळवाली आमची इराइदा. तिने रोज एक स्पॅनिश शब्द मुलांना शिकवायचा, असं ठरलं होतं.

गाड्यावर मेणाची फळं मांडलेली बघून ती तडक घरी आली. मुलांना फसवायचं नाही, खरं फळ, खरं यंत्र पाहिजे म्हणाली, आणि मला मागितलं. तेयोने मला पुसलं, तेल दिलं, आणि एक अट घातली. शनिवार-रविवार मी गाड्यावर पाहिजे. आणि साल तुटली तर फळ फुकट द्यायचं, टीव्ही असला म्हणून काय झालं. इराइदाने शब्द दिला.

मी जाम खूश. आठवड्याचे पाच दिवस मॅनहॅटनचा स्टुडिओ, दोन दिवस पुलाखाली. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

पण पहिल्याच दिवशी घोडं अडलं. कागदावर लिहिलं होतं 'नारांहा'. संत्र्याचा पुस्तकातला स्पॅनिश शब्द तो. इराइदाने विचारलं, चिना म्हटलं तर? कार्यक्रमाची सगळी सूत्रं नॉर्मा फिंक नावाच्या बाईंच्या हातात होती. त्या केसांत तीन-तीन पेन्सिली खोचून फिरायच्या आणि चौथी शोधत असायच्या. त्यांनी भाषेचे सल्लागार बोलावले. प्रोफेसर इल्देफोन्सो बार्रेरा, मूळचे स्पेनचे, हळू बोलणारे, मनाने चांगले. ते म्हणाले, चिना तुमच्या बेटावर चालतं, पण टेक्सासमधल्या मेक्सिकन मुलाला, कॅलिफोर्नियातल्या मुलाला त्याचा अर्थ देश असाच कळणार. सगळ्यांना एकच शब्द द्यायला हवा. यात खोटं काही नव्हतं. नॉर्मा म्हणाल्या की लिहायचं काम लिहिणाऱ्यांचं, तुझं काम बोलायचं. लिहिणारे तिघे होते, आणि तिघांनी मिळून प्रॉस्पेक्ट अव्हेन्यू एकदाही पाहिला नव्हता. इराइदाला ही नोकरी हवी होती. ती नारांहा म्हणाली.

तो भाग लागला त्या दुपारी चित्रीकरणाला सुट्टी होती, म्हणून मी स्वयंपाकघराच्या टेबलावर होते. प्रोवीने तुरीच्या दाण्यांचा भात केला होता. शेजारची मोन्से आपली खुर्ची घेऊन आली होती. सगळे टीव्हीसमोर. पडद्यावर इराइदाने फळ उचललं, हसली, आणि म्हणाली, नारांहा. तेयो उठला आणि आवाज बारीक केला. बंद नाही केला, फक्त बारीक.

"बाई छान आहे," तो म्हणाला. "कोण आहे ती?"

प्रोवी वैतागली. "कोण आहे म्हणजे? तुझीच मुलगी."

"माझी मुलगी चिना विकते," तेयो म्हणाला, आणि भात घेऊन खिडकीशी जाऊन बसला.

रविवारी इराइदा आली. दारातूनच म्हणाली, "आशीर्वाद, पापी." तेयो माझी चाकं पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "देव तुमचं भलं करो, बाई."

तुमचं. पोटच्या पोरीला. आशीर्वाद चुकवला नाही, पण तो असा दिला की घ्यावा कुठे हेच तिला कळेना.  मग ती आईच्या हाताखाली केळी तळायला गेली. असे पाच महिने गेले. दर रविवारी ती तुझं ऐकायला यायची आणि तुमचं ऐकून जायची. कामावर ती दर थोड्या दिवसांनी नॉर्मांकडे विषय काढायची, नॉर्मा पेन्सिल शोधायच्या. तिचा करार संपत आला होता. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते ठरायचं होतं. मी दोघांच्या मधे, इकडून तिकडे, पिशवीतून ये-जा करत होते, आणि माझ्या सुरीला स्वस्थता म्हणून नव्हती.

मग तो दिवस आला. त्या दिवशी ब्राँक्सच्या एका बालवाडीतली आठ मुलं चित्रीकरणाला आणली होती. त्यात आविल्दा नावाची पाच वर्षांची मुलगी होती, समोरचे दोन दात पडलेली. इराइदाने फळ दाखवलं. "ही आहे नारांहा. म्हणा, नारांहा."

"ती चिना आहे," आविल्दा म्हणाली.

चित्रीकरण थांबलं. प्रोफेसर बार्रेरा गुडघ्यावर बसले आणि तिला मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, चिना हा देश आहे. खूप मोठा देश."

"मग ही त्याला सोलतेय कशाला?"

कॅमेऱ्यामागची माणसं तोंड दाबून हसली. प्रोफेसरही हसले. पुन्हा सुरू झालं. इराइदा पुन्हा म्हणाली, नारांहा. आविल्दाने हाताची घडी घातली, तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "तुला आई नाही का? तिला विचार ना."

पुन्हा थांबलं. इराइदाचा चेहरा मी बघितला. ज्या पोरीला नकाशासमोर उभं केलं होतं ती पोरगी तिथे होती, आणि आता काठी तिच्याच हातात होती.

वेळ संपत आला होता. दहा मिनिटांत जागा दुसऱ्या कार्यक्रमाला सोडायची होती. नॉर्मा म्हणाल्या, शब्द नंतर बघू, नुसतं सोलून दाखव. इराइदाने फळ काट्यांवर चढवलं आणि मूठ फिरवली. साल उतरायला लागली, लांब, पातळ, सुरेख. आठ जोड्या डोळे माझ्यावर. आणि माझ्या सुरीने उडी मारली.

मी मुद्दाम केलं का? नाही. पण छातीठोकपणे नाही म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

साल दोन तुकड्यांत खाली पडली. इराइदाच्या हातून मूठ सुटली. मी माझा अर्धा फेरा जास्त मारला, ते उघडं फळ सगळ्यांना तोंड दाखवून थांबलं. तिने बापाला शब्द दिला होता. मला वाटतं, विचार करायला तिला वेळच मिळाला नाही. तिचे हात वर गेले आणि वीस वर्षांपूर्वीची ती हाडकुळी पोर ओरडली, "साल तुटली, चिना सुटली!"

आविल्दाने फळ झडप घालून घेतलं. त्या आठातल्या तिघांना तेयोचा गाडा ठाऊक होता. तिघांनी आरोळी उचलली, मग आठांनी. रंगवलेलं आभाळ हललं. कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केला नाही. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, म्हणून तो भाग तसाच गेला.

तो लागला त्या गुरुवारीही सुट्टी होती, मी घरी होते. आरोळी आली तेव्हा तेयो उठला. मोन्से म्हणाली, आता बंदच करतो हा. त्याने आवाज शेवटपर्यंत मोठा केला. खालच्या मजल्यावरच्या माणसाने केरसुणीच्या दांड्याने छत ठोकलं तरी त्याने कमी केला नाही. मग दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इराइदा आली. रविवार नसताना ती आलेली बघून प्रोवीने शेगडी बंद केली. "आशीर्वाद, पापी," एवढं म्हणून, तो काही बोलायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. टेक्सास, कॅलिफोर्नियाहून फोन आले होते. आमच्या मुलांना चुकीचं का शिकवता, असे. नॉर्मांनी तिला ध्वनीच्या खोलीत नेलं. काचेपलीकडे तिचंच तोंड पडद्यावर आ वासून होतं. त्या तोंडावर तिने नारांहा हा शब्द बोलून द्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी भाग लागेल तेव्हा चिना पुसलेलं असेल. बोलली तर पुढच्या वर्षीचा करार. नाही तर आवाज दुसरीचा घेऊ, आणि गाडाही दुसरीला देऊ. ओफेलिया नावाच्या मेक्सिकन नटीला विचारूनही ठेवलं होतं. इराइदा माइकसमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटून बाहेर आली.

"गेली नोकरी," ती म्हणाली.

तेयो खुर्चीतून अर्धा उठला. "एका फळासाठी?"

"तुमच्या फळासाठी."

"अगं, मी रुसलो होतो. बापाला रुसायचा हक्क असतो. नोकरी सोड असं मी कधी म्हटलं?"

"पाच महिने तुम्ही मला बाई म्हणताय, पापी. तुमचं-तुमचं करताय. आणखी कसं म्हणतात?"

तेयो माझ्याजवळ आला आणि रिकाम्या काट्यांवरच मूठ फिरवत राहिला. मग सोडली. मी माझा अर्धा फेरा मारून थांबेपर्यंत तो थांबला.

"देव तुझं भलं करो," तो म्हणाला. "मघाशी मागितला होतास. द्यायचा राहिलाच."

इराइदा टेबलावर डोकं ठेवून रडली. प्रोवीने कॉफी केली. माझ्यासारख्या लोखंडालाही त्या दिवशी जरा स्वस्थ बसावंसं वाटलं, ते पहिलं आणि शेवटचं.

कॉफी पिता पिता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. निघताना जिन्यात प्रोफेसर बार्रेरा भेटले होते. ओशाळलेले होते. म्हणाले, तुला एक सांगायला हवं. नारांहा हा शब्दही आमचा नाही. तो हिंदुस्थानात निघाला, इराणातून अरबांकडे गेला, अरबांनी आम्हाला दिला. शब्दांना पाय असतात, मुली. हे ऐकून तुम्हा मराठी माणसांना हसू येत असेल. तुमच्या नारिंगाचाच तो दूरचा भाऊबंद. तेयोला मात्र हसू आवरेना. "म्हणजे तीही बाहेरगावचीच? भाड्याने राहायला आली आणि घरमालकीण होऊन बसली?" मग हसणं थांबवून तो म्हणाला, "हे लिही. ते लिहितात ते तू बोलतेस. आता तू लिही, त्यांना बोलू दे."

घरात कागद नव्हता. गाड्यावरच्या तपकिरी पिशव्या होत्या. शुक्रवार, शनिवार आणि रविवार ती लिहीत होती, आणि शनिवारी-रविवारी मी गाड्यावर असल्यामुळे तीही गाड्याशेजारी त्या जुन्या दुधाच्या खोक्यावर बसून लिहीत होती. साल तुटली की लिहिता लिहिताच ओरडायची. तिने दोन फळवाल्या लिहिल्या. एकाच थांब्यावर दोन गाडे, एकच फळ, दोन नावं. एक म्हणते चिना, दुसरी म्हणते नारांहा. भांडता भांडता कळतं की दोघींचे शब्द दूरच्या गावांहून चालत आलेत आणि दोघींचे पाय दुखतायत. मग त्या एकाच बाकावर बसून फळ अर्धं अर्धं खातात. तेवढ्यात बस येते.

सोमवारी तिने अकरा पिशव्या नॉर्मांच्या टेबलावर मांडल्या. मीही होते, कारण नोकरी गेली तरी मला पिशवीत घालायची तिची सवय गेली नव्हती. नॉर्मांनी सगळ्या पिशव्या वाचल्या. केसांतली पेन्सिल काढली, हातात धरली, आणि कुठेही खूण न करता परत खोचली.

"दोन गाडे लागतील," त्या म्हणाल्या. "ओफेलिया नारांहा म्हणेल. चिना म्हणणारी बाई कुठून आणायची?"

"मी मोकळीच आहे," इराइदा म्हणाली.

नॉर्मा खो खो हसल्या. स्वतःची सोय स्वतःच लिहून आणलीस, म्हणाल्या. पण काम एका भागापुरतंच दिलं. तो भाग झाल्यावर टेक्सासमधून एका मुलाचं पत्र आलं. त्याने लिहिलं होतं की आमच्या घरी आता आम्ही सकाळी नारांहा खातो आणि संध्याकाळी चिना. नॉर्मांनी ते पत्र भिंतीला लावलं आणि लिहिणाऱ्यांच्या खोलीत चौथी खुर्ची ठेवली. त्या तिघांनी आपापल्या खुर्च्या इंचभरही सरकवल्या नाहीत, म्हणून इराइदा पहिलं वर्षभर दाराला टेकून लिहीत होती.

पुढची बावीस वर्षं ती त्या थांब्यावर बोलली आणि त्या थांब्यासाठी लिहीत राहिली. इंग्रजी न येणारी आजी तिने आणली. दोन भाषांत भांडणारी आणि एकाच भाषेत रडणारी माणसं आणली. तिचं लेखन परत आलं, खोडलं गेलं, कितीदा तिने नवं करून दिलं. बक्षिसंही मिळाली, ती तिने प्रोवीच्या फ्रिजवर ठेवली. मी मात्र जशी होते तशीच, सोमवार ते शुक्रवार रंगवलेल्या आभाळाखाली, शनिवार-रविवार पुलाखाली.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात तेयो गेला. चौथ्या दिवशी चित्रीकरण होतं. इराइदाने सहा संत्री सोलली. मी सुरी उडवायची खूप खटपट केली, पण एकही साल तुटली नाही. सहाही अखंड उतरल्या आणि तिला ओरडायला मिळालं नाही.

नंतर कार्यक्रम बंद झाला. मी तिच्या कपाटात गेले, बर्फातले बूट, मोडकी छत्री आणि मी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वर्षं ती. अधूनमधून ती दार उघडायची, माझी मूठ एकदा फिरवायची आणि लावून घ्यायची. तिला काय शोधायचं असायचं ते मला कळायचं, पण कपाटात फळ कुठलं?

गेल्या वर्षी ब्राँक्समधल्या एका छोट्या संग्रहालयाचे लोक आले. त्यांनी मला मागितलं, आणि इराइदाने मला दिलं. काच बसवायच्या आधी तिने मूठ एकदा फिरवून सोडली. मी अर्धा फेरा मारला आणि थांबले. मग काच बसली.

पाटी तिने उद्घाटनाच्या दिवशी वाचली. 'नारांहा सोलायचं यंत्र.' शेजारी उभ्या असलेल्या तरुण बाईंनी ती लिहून घेतली होती. बाई आमच्यातल्याच, आजी-आजोबा बेटावरचे, पण स्पॅनिश कॉलेजात शिकलेल्या. इराइदाने विचारलं, हे असं का लिहिलंत? बाई म्हणाल्या, शब्दकोशात बघून लिहिलंय, सगळ्यांना कळायला हवं ना. इराइदाने काठीवर दोन्ही हात ठेवले, तिच्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, बाई."

त्या बिचारीने आभार मानले.

इराइदाने त्यांना पत्र लिहिलंय, तपकिरी पिशवीवर. पाटी बदलू, असं उत्तर आलं आहे. अजून बदललेली नाही. ती पहिल्या दोन महिन्यांत दोनदा येऊन गेली, पण आता तिला दोन जिने चढवत नाहीत. मी वाट बघतेय, आणि वाट बघणं माझ्या अंगात नाही.

तेव्हा तुम्ही आलात तर एक करा. या पेटीसमोर थांबा आणि फळाचं नाव मोठ्याने घ्या. पहारेकरी बघेल, बघू द्या. इथे हात लावायला मनाई आहे. चिना म्हणायला नाही.